विंडो, फेन्स्टर, विंदू: खिडकीलाच प्रत्येकाचा वेगळा शब्द का?

वहीतल्या_रेघा

नमस्कार मंडळी, मी गेले आठ महिने जर्मन शिकतेय, बी वन लेव्हल चालू आहे आणि परवापासून एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये म्हणून इथे विचारते. क्लासमध्ये घराचे भाग चालले होते. मला सवय आहे की वहीत डावीकडे इंग्लिश शब्द लिहायचा, उजवीकडे जर्मन आणि दोन्ही एकाच घराण्यातले वाटले की मधे पेन्सिलने रेघ मारायची. हाउस आणि हाउस, रेघ. डोअर आणि ट्यूर, रेघ. बेड आणि बेट, रेघ. स्टूल आणि श्टूल (अर्थ खुर्ची, पण ठीक आहे), रेघ. मस्त चाललं होतं आणि मग आली खिडकी. विंडो आणि फेन्स्टर. रेघच मारता येईना!

मॅडमना विचारलं तर म्हणाल्या फेन्स्टर लॅटिनमधून आलंय, बास, पुढचा धडा. घरी येऊन कोपनहेगनला असलेल्या मावसबहिणीला व्हॉट्सॅप केला, ती म्हणाली आमच्याकडे विंदुए लिहितात, म्हणजे इंग्लिशच्या जवळचं, पण शेजारच्या स्वीडनमध्ये फोन्स्टर, म्हणजे परत जर्मनच्या जवळचं. आता डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधे एक पूल आहे फक्त, भाषा तर इतक्या जवळच्या की एकमेकांचं लिहिलेलं वाचता येतं, मग खिडकीवरच का फाटाफूट? रोज सकाळी उघडायची साधी वस्तू आहे ती. कोणाला नीट माहीत असेल तर सांगा ना, मोठं उत्तर असलं तरी चालेल, मी सगळं वाचणार.

शब्दवेडा

फार छान प्रश्न विचारलात ताई. तुमची रेघ अडली ते बरोबरच अडली, कारण खिडकीला जर्मॅनिक भाषांमध्ये, म्हणजे इंग्लिश, जर्मन, डॅनिश, स्वीडिश यांच्या घराण्यात, सगळ्यांचा मिळून एक असा जुना शब्दच नाही. दाराला आहे, आणि सगळी गोष्ट तिथेच आहे.

आधी दार बघा. इंग्लिश डोअर, जर्मन ट्यूर, गॉथिक (त्याच घराण्यातली, आता न बोलली जाणारी जुनी भाषा) दाउर, ग्रीक थिरा, संस्कृत द्वार, आपलं मराठी दार, ही सगळी एकाच जुन्या शब्दाची लेकरं आहेत. म्हणजे हे लोक एकमेकांपासून पांगायच्या आधी त्यांच्या घराला दार होतं आणि त्या दाराला नाव होतं. खिडकी नव्हती हो. उत्तर युरोपातलं जुनं घर म्हणजे लांबोडकं, लाकडाच्या खांबांवर उभं, भिंती काटक्या विणून वर माती थापलेल्या, मधोमध आगटी आणि धूर जायला छपराला किंवा वर भिंतीला एक भोक. त्या भोकाला नाव द्यायची वेळ आली तोवर सगळे पांगलेले होते, त्यामुळे ज्याने त्याने आपापलं नाव ठेवलं.

पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे की वेगवेगळ्या ठिकाणी बसून यातल्या बहुतेकांना सुचला डोळाच. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने गॉथिक भाषेत बायबल आणलं, त्यात ख्रिस्ताचा प्रचारक पॉल दमास्कसमधून पळतो तो प्रसंग आहे, त्याला पाटीत बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडतात. तिथे खिडकीला गॉथिक शब्द आहे आउगादाउरो. आउगा म्हणजे डोळा, दाउरो म्हणजे दार. डोळ्याचं दार! जुन्या जर्मनमध्ये पण हाच समास होता, औगातोरा. जुन्या इंग्लिशमध्ये एआगथिर्ल असा शब्द होता, म्हणजे डोळा-भोक. त्यातलं थिर्ल म्हणजे भोक, आणि हा थिर्ल आजच्या इंग्लिशमध्ये तुम्ही रोज वापरता, नॉस्ट्रिल म्हणजे नाकपुडी हा शब्द म्हणजे नाक-थिर्ल, नाकाचं भोक. खिडकीतून गेला आणि नाकात राहिला.

आता विंडो. तो इंग्लिश नाहीच मुळात. तो जुन्या नॉर्सचा, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेचा. विंडाउगा. विंड म्हणजे वारा, आउगा म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा. ८६५ साली डॅनिश लोकांची मोठी फौज इंग्लंडमध्ये उतरली आणि ती लूट करून परत नाही गेली, उत्तर आणि पूर्वेकडे जमिनी घेऊन नांगर धरून राहिली, लग्नं झाली, शेजार झाला, आणि शेजारातून जे शब्द येतात ते दरबारी नसतात, स्वयंपाकघरातले असतात. नाइफ म्हणजे सुरी तिकडची. एग तिकडचं, इंग्लिश लोक आधी एय म्हणायचे. हजबंड सुद्धा तिकडचा, हूसबोंडी म्हणजे घराचा कर्ता. तसाच विंडो घरात शिरला आणि तेराव्या शतकाच्या आसपास लिखाणात दिसायला लागला. त्यानंतरही शंभर टक्के जिंकला नव्हता बरं का, १०६६ नंतर नॉर्मन आले त्यांच्या फ्रेंचमधून फेनेस्टर पण इंग्लिशमध्ये आला होता आणि सोळाव्या शतकापर्यंत दोन्ही शब्द चालत होते. थोडं वेगळं झालं असतं तर तुमची पेन्सिलची रेघ सरळ गेली असती.

आणि जर्मन. जर्मन लोक ऱ्हाइनच्या काठाला रोमन लोकांच्या अगदी शेजारी. रोमन घर दगडाविटांचं, चुन्याचं. जर्मनांनी ते घर बघितलं, शिकले, आणि वस्तू आली तशी नावासकट आली. म्हणून माउअर म्हणजे दगडी भिंत हा शब्द लॅटिन मूरुसवरून, त्सीगेल म्हणजे वीट किंवा कौल हा तेगुलावरून, केलर म्हणजे तळघर, काल्क म्हणजे चुना, क्युखं म्हणजे स्वयंपाकघर, सगळं लॅटिन. आणि फेनेस्ट्रावरून फेन्स्टर. लॅटिनमध्ये जोर नेस् वर आहे, जर्मनांनी आपल्या सवयीने तो पहिल्या अक्षरावर आणला, मधला ए गळाला. रोमन खिडकीला पहिल्या शतकापासून काच असायची, पॉम्पेईत अशा काचा सापडल्यात, आणि कोलोन शहर तर रोमन काळात काचकामासाठी नावाजलेलं होतं. म्हणजे फेन्स्टर हे नुसतं भोकाचं नवीन नाव नव्हतं, वस्तूच वेगळी होती. धुराच्या भोकाला औगातोरा ठीक होतं, काच लावलेल्या चौकटीला पाहुण्याचं नाव मिळालं. इंग्लंडकडे बघा म्हणजे फरक कळेल, ६७४ साली बेनेडिक्ट बिस्कप नावाच्या धर्मगुरूने ईशान्य इंग्लंडमध्ये मठ बांधायला घेतला तेव्हा खिडक्यांना काच बसवायला कारागीर गॉलहून, म्हणजे आजच्या फ्रान्सहून आणावे लागले, कारण इंग्लंडात ते काम कोणाला येत नव्हतं. बीड नावाच्या जुन्या इंग्लिश इतिहासकाराने लिहून ठेवलंय हे.

एक राहिलं, जर्मनमध्ये भिंतीला दोन शब्द का ते पण यातच आहे. माउअर दगडी, लॅटिन. पण खोलीच्या भिंतीला वांट म्हणतात आणि तो त्यांचा स्वतःचा, विंडेन म्हणजे पिळणं, गुंडाळणं याच्या नात्यातला, कारण ती भिंत विणलेली असायची. आपल्याकडे कारव्या विणून शेणमाती लिंपलेली कुडाची भिंत असते ना, तीच. वांट म्हणजे कूड.

स्वीडनचं आता लिहित नाही, हात दुखले, रात्री लिहितो.

ओस्लोकर

शब्दवेडा, वाचून अंगावर काटा आला खरंच. मी इथे अकरा वर्षं आहे आणि रोज विंदू म्हणतो, कधी डोक्यात आलं नाही की हा वारा आहे. नॉर्वेत लिहायच्या दोन पद्धती आहेत, बुकमोलमध्ये विंदू लिहितात पण दुसरी जी नीनॉर्स्क आहे, जी इव्हार ओसेनने एकोणिसाव्या शतकात गावोगाव फिरून बोलीभाषा गोळा करून उभी केली, तिच्यात अजून विंडाउगे असंच लिहितात. डोळा तसाच्या तसा शाबूत. माझ्या मुलीच्या शाळेच्या पुस्तकात आहे, तिला आत्ता विचारलं विंडाउगे म्हणजे काय तर म्हणाली खिडकी, मग म्हटलं विंड काय आणि आउगे काय, तर एक सेकंद गप्प झाली आणि मग एकदम बाबाऽऽ करून ओरडली.

तुम्ही जे धुराचं भोक म्हणताय ते मी बघितलंय. इथे ओस्लोत बिगडॉयला लोकजीवनाचं मोठं म्युझियम आहे, १८९४ सालचं, तिथे देशभरातली जुनी लाकडी घरं ओंडक्यांसकट उचलून आणून उभी केलीत. त्यातल्या एका घरात वाकून शिरावं लागतं, दार बुटकं आणि उंबरा हा एवढा उंच, आत गेल्यावर पहिल्यांदा काहीच दिसत नाही, नुसता जुन्या धुराचा वास, मग डोळे सरावले की कळतं की भिंतीला कुठेच खिडकी नाही, आणि छपराच्या मधून उजेडाचा एक चौकोन बरोबर आगटीच्या दगडांवर पडलाय. त्या भोकाला ल्योरे म्हणतात. झाकण असायचं त्याला आणि ते खालून लांब काठीने सरकवायचे. थंडीत उघडं ठेवलं तर बर्फ आत, बंद केलं तर धूर आत. तिथे उभं राहिलं ना की वाऱ्याचा डोळा हे काव्य वाटत नाही, मान वर करून बघितलं की खरंच डोळाच दिसतो.

अजून एक, बोटीच्या केबिनला गोल खिडकी असते ना, तिला इथे कू-ऑये म्हणतात. कू म्हणजे गाय, ऑये म्हणजे डोळा. डॅनिशमध्ये पण तेच आहे. गाईच्या डोळ्यासारखी गोल म्हणून.

आश्विन_पौर्णिमा

थांबा थांबा थांबा. गाईचा डोळा?? अहो गवाक्ष!! गो अधिक अक्षि, गवाक्ष म्हणजे खिडकी! आणि संस्कृतमध्ये खिडकीला दुसरा शब्द वातायन, वात म्हणजे वारा, अयन म्हणजे यायजायची वाट. म्हणजे वारा पण आपल्याकडे आणि डोळा पण आपल्याकडे. मी शाळेत संस्कृत शिकवते, बावीस वर्षं गवाक्ष फळ्यावर लिहितेय. मग हे आपल्याकडूनच तिकडे गेलं असं म्हणता येईल ना? मला खरंच जाणून घ्यायचंय, कारण मुलं विचारतात आणि मला चुकीचं सांगायचं नाहीये.

शब्दवेडा

ताई, प्रश्न अगदी सरळ विचारलात म्हणून सरळच सांगतो. गेलं नाही, पण नातं मात्र शंभर टक्के खरं आहे, फक्त ते कुठे आहे ते बघायला हवं.

सुटे शब्द सख्खे आहेत. कू आणि गो एकाच मुळाचे. इंग्लिश काऊ पण तोच. ऑये, आउगा, इंग्लिश आय आणि आपला अक्षि हे पण एका घरातले. विंड आणि वात पण एका धातूचे, वाहणे. हे सगळं दोघांना एकाच पूर्वजाकडून मिळालंय, आई-मुलगी नाही, बहिणी. म्हणजे कू-ऑये आणि गवाक्ष हे तुकड्याला तुकडा लावून बघितले तर अगदी तेच शब्द आहेत, आणि हे आत्ता लिहिताना मला सुद्धा तितकाच आनंद होतोय. पण समास दोघांनी आपापले केले, मधे हजारो वर्षं गेल्यावर. कू-ऑये तर बोटीच्या खिडकीचा, म्हणजे बराच अलीकडचा. जर पूर्वजाकडेच खिडकीचा समास असता तर द्वारसारखा तो सगळीकडे एकाच साच्यात दिसला असता ना? तो दिसत नाही. रशियन बघा, ओक्नो म्हणजे खिडकी, ओको म्हणजे डोळा, तो त्यांनी तिसऱ्याच रीतीने केला. भिंतीत गोल भोक बघितलं की माणसाला डोळा आठवतो, त्याला कोणाकडून शिकावं लागत नाही. जर्मनमध्ये बोटीच्या खिडकीला बैलाचा डोळा म्हणतात, बुल-आउगे.

आणि तुम्हाला वर्गात सांगायला मी एक देतो, तुम्हाला माहीत असणारच. पाणिनीचं सूत्र आहे ५.४.७६, अक्ष्णोऽदर्शनात्. अक्षि जेव्हा खऱ्या बघायच्या डोळ्याच्या अर्थाने नसतो तेव्हा समासाच्या शेवटी त्याचं अक्ष होतं, आणि त्याचं उदाहरण गवाक्ष. म्हणजे हा डोळा आहे पण डोळा नाही, हा फरक आपल्याकडे व्याकरणात नोंदलाय! मुलांना फळ्यावर एका बाजूला गवाक्ष आणि दुसऱ्या बाजूला कू-ऑये लिहून दाखवा आणि सांगा की या दोन लांब गेलेल्या बहिणी आहेत, कोणी कोणाचं घेतलेलं नाही. मला तर ते जास्त मोठं वाटतं. आणि जमलं तर सहल कार्ल्या-भाज्याला न्या, लेण्याच्या तोंडावर पिंपळपानासारखी जी मोठी कमान आहे तिला चैत्यगवाक्षच म्हणतात, त्यातूनच आतल्या स्तूपावर उजेड पडतो.

स्वीडनचं सांगायचं राहिलं. जुन्या स्वीडिशमध्ये पण वाऱ्याचा डोळा होता. पण मध्ययुगात हान्झाचे, म्हणजे व्यापारी शहरांच्या संघाचे, उत्तर जर्मन व्यापारी विस्बी आणि स्टॉकहोममध्ये येऊन बसले, कारागीर पण त्यांचेच, आणि शहरातलं बांधकामाचं बोलणं त्यांच्या भाषेत व्हायला लागलं. त्यातून फोन्स्टर आला आणि जुना शब्द मागे पडला. हान्झा नॉर्वेत बर्गेनला पण होती, डेन्मार्कला तर चिकटूनच, तिथेही ढीगभर जर्मन शब्द शिरले पण खिडकी मात्र टिकली. शब्दांचं असंच असतं, एका घरात शिरतात आणि शेजारच्या घरात नाही शिरत. आणि उलटीकडे व्हायकिंगांनी आयर्लंडमध्ये डब्लिन वसवलं तिथे आयरिश लोकांनी हाच विंडाउगा घेतला, त्यांचा फुइन्योग म्हणजे तोच.

माळवद

मी लातूरकडचा. ओस्लोकरांनी ते छपरातल्या भोकाचं लिहिलं ते वाचून आमचं गावाकडचं घर डोळ्यासमोर आलं. आमचं धाब्याचं घर होतं, वर मातीचं माळवद, भिंती दोन दोन हात जाड आणि भिंतीला खिडकी नाही, कारण ऊन आणि चोर दोन्ही नको. उजेडाला माळवदाला एक गोल भोक असायचं, त्याला साणं म्हणायचे. आजी चुलीपाशी बसली की दुपारी साण्यातून उन्हाची एक काठीच उतरायची खाली आणि त्यात धूर फिरताना दिसायचा. उन्हाचा गोल कुठवर सरकला ते बघून ती सांगायची की आता माणसं शेतातून येतील, भाकरी टाका. पाऊस आला की मला नाहीतर माझ्या भावाला वर पाठवायची, साण्यावर परात उपडी घालायला. तिकडे काठीने झाकण सरकवायचे, इकडे आम्ही परात घेऊन पळायचो. बर्फ आणि पाऊस एवढाच फरक. भाषेतलं मला कळत नाही पण घर सारखं वाटलं म्हणून लिहिलं.

वहीतल्या_रेघा

मी सकाळपासून हेच वाचत बसलेय, ऑफिसमध्ये सुद्धा. माळवद दादा, तुमची परात वाचून डोळ्यात पाणी आलं. मॅडमना आज वांट आणि कूड सांगितलं, त्यांनी सगळ्या क्लासला परत सांगितलं.

अजून एक विचारू का, आमची आजी सावंतवाडीची, ती खिडकीला जनेल म्हणायची. तो शब्द यातला कुठे बसतो? आणि आइसलँडची भाषा सगळ्यात जुनी राहिलीय म्हणतात, मग तिथे विंडाउगा अजून असेल ना?

मांडवीकाठ

जनेल आमच्याकडे गोव्यात सगळेच म्हणतात, पोर्तुगीज जानेला. आणि ती लॅटिन यानुआवरून, म्हणजे दार, त्याचं छोटं रूप. छोटं दार म्हणजे खिडकी. आपली खिडकी पण तशीच बरं का, जुना शब्द खडक्किका, म्हणजे बाजूचं लहान दार. जर्मनांच्या जुन्या शब्दात डोळ्याचं दार होतं, इथे नुसतंच दार.

जुन्या गोव्याच्या घरात जनेलाला काचेऐवजी शिंपले असतात, चपटे, पातळ, लाकडी पट्ट्यांच्या चौकोनात एकेक सरकवलेले. उन्हात त्यातून उजेड येतो तो दुधासारखा, बाहेरचं काही दिसत नाही पण अख्खी खोली उजळते. आमच्या घरी अजून चार जनेलं तशी आहेत, एक शिंपला फुटला की दुसरा मिळवताना नाकी नऊ येतात.

ओस्लोकर

आइसलँडचं मी सांगतो, मागच्या वर्षी रेक्याविकला चार महिने कामाला होतो. तिथे विंडाउगा रोजच्या बोलण्यात नाही हो! खिडकीला ग्लुग्गी म्हणतात. तो पण जुना नॉर्सच आहे, स्वीडिशमध्ये ग्लुग म्हणजे अजूनही भिंतीतलं छोटं भोक. विंडाउगा सरळ सांभाळून ठेवलाय तो फेरो बेटांनी, त्यांचा विंडेय्गा, आणि इथल्या नीनॉर्स्कने.

पण मांडवीकाठ, तुमच्या शिंपल्यांवरून आठवलं. आइसलँडमध्ये काच परवडायची नाही तेव्हा छपराच्या भोकाला लाकडी कडं बसवून त्यावर जनावराच्या पोटातली पातळ पारदर्शक कातडी ताणून लावायचे, वासराच्या वारेची वगैरे, आणि तिला स्क्याउर म्हणायचे. नंतर काच आली, कातडी गेली, शब्द पडून होता. मग टीव्ही आणि कंप्युटर आले तेव्हा त्यांनी इंग्लिश शब्द न घेता हाच उचलला. आता स्क्याउर म्हणजे स्क्रीन. ऑफिसमध्ये बाजूचा माणूस दिवसभर स्क्याउर स्क्याउर म्हणायचा आणि मला वाटायचं असेल काहीतरी टेक्निकल शब्द.

ग्लुग्गीवरून अजून एक शब्द शिकलो तिथे, ग्लुग्गावेदुर, खिडकीतली हवा. म्हणजे बाहेर लख्ख ऊन, आकाश निळंभोर, खिडकीतून बघायला इतकं सुंदर की वाटतं आत्ता निघावं, आणि दार उघडलं की वारा असा की उभं राहता येत नाही. आज ओस्लोत तसंच आहे.

आश्विन_पौर्णिमा

ओस्लोकर, तुमच्या मुलीला माझ्याकडून गवाक्ष शिकवा. मी उद्या नववीच्या वर्गात कू-ऑये लिहिणार आहे, फक्त उच्चार एकदा नीट लिहून पाठवा, ऑ वर जोर द्यायचा की कू वर?

ओस्लोकर

कू वर, ताई. ऑ ओठ गोल करून म्हणायचा, ए म्हणताना ओठांचा चंबू केल्यासारखा. मुलीच्या आवाजात रेकॉर्ड करून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो रात्री.